मास्तरांची चाल

'धुंद मधुमती रात रे' हे लता मंगेशकरांचं गाणं. 'जोहार मायबाप' बालगंधर्वांचं, 'कशाला उद्याची बात' शांता हुबळीकरांचं आणि 'बोला अमृत बोला' ज्योत्स्ना भोळे यांचं. मराठी घरांत ही गाणी अशीच, गाणाऱ्यांच्या नावानं ओळखली जातात. या चारही चाली एकाच माणसाच्या आहेत असं सांगितलं की चांगले कानसेनसुद्धा चमकतात. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर हे नाव त्यांना ठाऊक असतं. ते मोठे गवई होते, बालगंधर्वांच्या कंपनीत होते, एवढंही माहीत असतं. पण 1931 चं नाटक, 1939 चा बोलपट, 1942 चं नाटक आणि 1959 चा चित्रपट अशा चार वेगवेगळ्या काळांतल्या आणि वेगवेगळ्या वळणाच्या या गाण्यांमागे एकच डोकं आहे, हे ध्यानात आलेलं नसतं.

हे पुस्तक त्या डोक्याविषयी आहे. मास्तरांचं चरित्र त्यात आहे, पण ते चालींच्या ओघानं येतं, आणि मला हीच मांडणी योग्य वाटते. गवई म्हणून मास्तरांबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं गेलं. त्यांची बैठक, चपळ तान, रागात अचानक सुचणारी एखादी जागा, यांच्या आठवणी जुन्या पुणेकरांनी जिव्हाळ्यानं सांगितल्या. संगीतकार म्हणून मात्र त्यांचा सलग विचार फारसा झाला नाही. या पुस्तकानं तो केला आहे, म्हणून प्रस्तावना लिहायला मी आनंदानं होकार दिला.

मास्तरांचा जन्म 20 जानेवारी 1898 चा, देवाच्या आळंदीचा. घरात भिक्षुकी. गाव ज्ञानेश्वरांचं, म्हणजे टाळ-मृदंग आणि अभंग जन्मापासून कानावर. बारा-तेरा वर्षांच्या वयात मुलगा नाट्यकला प्रवर्तक मंडळीत गेला आणि 'संत सखू' नाटकातला त्याचा विठोबा लोकांना आवडला. त्या कंपनीत तेव्हा सवाई गंधर्व होते, त्यामुळे गाण्याचे पहिले संस्कार तिथेच झाले. नाटक कंपनी ही त्या काळातली गाण्याची निवासी शाळाच होती. पहाटे रियाज, दुपारी तालीम, रात्री प्रयोग, आणि प्रेक्षक रोज नवे. मास्तरांना पुढे जन्मभर पुरलेली एक जाण इथून आली असावी असं मला वाटतं. चाल शेवटी कोणाच्या तरी गळ्यातून बाहेर पडते आणि समोर कोणीतरी ती ऐकत असतं, हे त्यांनी फार लहानपणी पाहिलं.

नंतर भास्करबुवा बखले भेटले आणि आयुष्याची दिशाच ठरली. भास्करबुवांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडून विद्या घेतली होती. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर ही तीन घराणी एका माणसात नांदत होती, आणि नांदत होती ती भांडणाशिवाय. ज्या काळात एका घराण्याची चीज दुसऱ्या घराण्याच्या कानावर पडू नये म्हणून उस्ताद दारं लावून घेत, त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. भास्करबुवांनी 1911 साली पुण्यात गायन समाज काढला, तोच आजचा भारत गायन समाज. गाणं शिकायचं असेल त्यानं यावं, अशी ती जागा. कृष्णरावांना या गुरूकडून चिजा मिळाल्याच, पण कोणत्याही सांगीतिक वस्तीत परकेपणा न वाटण्याची वृत्तीही मिळाली. पुढे नाटक, बोलपट, शाळेची पाठ्यपुस्तकं, पोलिसांचा बँड अशा ठिकाणी ते सहज वावरले, त्याचं मूळ मी या तालमीत पाहतो.

8 एप्रिल 1922 रोजी भास्करबुवा गेले, तेव्हा कृष्णराव चोवीस वर्षांचे होते. गंधर्व नाटक मंडळीच्या नव्या नाटकांच्या चालींचं काम त्यांच्यावर आलं, आणि पुढे गायन समाजाची जबाबदारीही. ज्यांच्यासाठी चाली बांधायच्या ते बालगंधर्व गुरुबंधू होते, पण वयानं दहा वर्षांनी मोठे आणि कीर्तीनं तर महाराष्ट्राचं दैवत. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. अशा मंडळींसमोर पंचविशीतल्या माणसानं 'ही जागा अशी घ्या' म्हणायचं, यासाठी अंगात नुसती विद्या असून भागत नाही.

इथं नाट्यपदाच्या चालीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याशिवाय मास्तरांनी काय बदललं ते कळणार नाही. 'स्वयंवर' 1916 साली रंगभूमीवर आलं तेव्हाची पद्धत अशी होती की गुरूनं एखादी मूळ बंदिश निवडावी आणि नाटककारानं तिच्या वजनावर मराठी शब्द बसवावेत. चाल आधी, शब्द मागून. भास्करबुवांची निवड इतकी अचूक होती की नाटककार खाडिलकरांचे शब्द आणि मूळ चीज यांतला सांधा दिसत नाही. पण काही झालं तरी शब्द चालीच्या मापानं बेतलेले असत. मास्तरांनीही ही पद्धत पुष्कळ वापरली. 1931 साली मात्र 'कान्होपात्रा' आलं. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी विठ्ठलाच्या पायाशी जाते, ही कथा. नाटकात गायचे होते संतांचे अभंग. ते शब्द काही शतकं जुने, लोकांच्या ओठांवरचे. त्यांतला एक काना इकडचा तिकडे करायची सोय नव्हती. म्हणजे शब्द आधी, चाल मागून.

'जोहार मायबाप' ऐकताना याचा विचार करून पाहावा. चोखामेळ्याचा हा अभंग. उंबऱ्याबाहेर उभं राहून केलेली विनवणी. बालगंधर्वांचा गळा काय वाटेल ते करू शकत होता. एखाद्या हौशी संगीतकारानं त्या गळ्याला मोकळं रान दिलं असतं आणि प्रेक्षकांनी वन्समोअर देऊन थिएटर डोक्यावर घेतलं असतं. मास्तरांनी चाल भजनाच्या अंगानं ठेवली. ठेका वारकऱ्यांच्या ओळखीचा, ओळ सुटी आणि सरळ. नक्षीकाम आहे, पण ते शब्द पुरता ऐकू आल्यानंतर. विनवणी करणारा माणूस आधी बोलतो आणि मग त्याचा कंठ दाटून येतो, हा क्रम त्यांनी चालीतच बांधून टाकला आहे. आळंदीचा तो मुलगा इथं दिसतो.

मास्तरांच्या सगळ्या कामाचा विशेष मला एका वाक्यात सांगायचा झाला तर तो असा: ते गळा पाहून चाल बांधत. हे वाटतं तितकं सोपं नाही. मोठ्या गवयानं बांधलेली चाल बहुधा त्याच्या स्वतःच्या गळ्याची असते. दुसऱ्यानं ती गायली की नक्कल वाटते. मास्तर स्वतः अव्वल दर्जाचे गवई असूनही चाल बांधताना स्वतःचा गळा बाजूला ठेवू शकत. म्हणूनच त्या चाली पुढे गाणाऱ्याच्या मालकीच्या झाल्या आणि बांधणाऱ्याचं नाव पुसट झालं. हा त्यांच्या यशाचाच परिणाम आहे, तरी अन्याय तो अन्यायच.

बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. प्रभात फिल्म कंपनीचा बोलपट 'अयोध्येचा राजा' 1932 चा. पुढच्याच वर्षी ही कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली. शहराबाहेरच्या माळावर स्टुडिओ उभा राहिला. आज त्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि रस्त्याला प्रभातचं नाव आहे. कर्जात बुडालेल्या गंधर्व मंडळीचे बालगंधर्व 1935 साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ म्हणून उभे राहिले, आणि संगीत मास्तरांकडे आलं. जन्मभर स्त्रीभूमिका केलेला नट पुरुषवेषात, तोही कॅमेऱ्यासमोर. प्रेक्षकांना ते रुचलं नाही आणि बालगंधर्वांचं प्रभातशी नातं त्या एका चित्रपटावरच संपलं. मास्तरांचं मात्र तिथून सुरू झालं.

रंगभूमीवर एकेक पद वन्समोअरसह अर्धा-अर्धा तास रंगे. बोलपटात तीन-चार मिनिटं, की संपलं. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर मावेल एवढंच. अनेक गवयांना ही कैद वाटली. मास्तरांना त्यात शिस्त सापडली. राग उलगडत न बसता त्याचा चेहरा पहिल्या ओळीतच दाखवायचा, एखादी नेमकी जागा योजून ठेवायची आणि ती एकदाच घ्यायची. हे कसब त्यांनी प्रभातच्या सहा-सात वर्षांत कमावलं.

प्रभातमधलं ते वातावरण आजही हेवा वाटावा असं होतं. 1936 साली एकाच कंपनीतून 'संत तुकाराम' आणि 'अमरज्योती' हे दोन चित्रपट बाहेर पडले. पहिल्याचं संगीत केशवराव भोळे यांचं, दुसऱ्याचं मास्तरांचं. भोळे भावगीताच्या बाजूनं विचार करणारे, स्वर मोजून वापरणारे. मास्तर अभिजात बैठकीचे, एका रागात दुसऱ्या रागाची छटा सहज मिसळून टाकणारे. या दोघांच्या हाताखाली काम करत शिकत होते तरुण वसंत देसाई. 'अमरज्योती' व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. 1938 च्या 'गोपाळकृष्ण'मध्ये छोटा कृष्ण झालेला मुलगा म्हणजे राम मराठे. पुढे त्यांनी मास्तरांकडे गाण्याची तालीम घेतली आणि मराठी रंगभूमीला एक मोठा गायक नट मिळाला.

1939 च्या 'माणूस'पाशी मात्र थांबायला हवं. गणपत हा पोलिस शिपाई आणि मैना ही वेश्या, यांची ही गोष्ट. 'कशाला उद्याची बात' हे अनंत काणेकरांचं गाणं मैना गाते ते गिऱ्हाइकांसमोर. मुंबईच्या त्या वस्तीत येणारी माणसं सगळ्या मुलखांतली, म्हणून गाण्याची कडवी अनेक भाषांत. दर कडव्यागणिक भाषा बदलते आणि भाषेबरोबर चालीचा पोत बदलतो. पण धृपद दर वेळी त्याच जागी परत येऊन पडतं. ते धृपद नीट ऐका. शब्द बेफिकिरीचे आहेत, लय झुलती आहे, आणि तरीही ओळ संपताना स्वर खाली उतरतो. या बाईला उद्याची काळजी आहे हे शब्द सांगत नाहीत, ते चाल सांगते. शांता हुबळीकरांचा गळा शास्त्रोक्त बैठकीत तयार झालेला होता. मास्तरांनी त्यातली तयारी झाकून ठेवली आणि कोठ्यावरच्या बाईचा थकलेला नखरा तेवढा वर आणला. हुबळीकरांनी पुढे आत्मचरित्राला याच गाण्याचं नाव दिलं, यावरून त्या गाण्यानं त्यांना किती व्यापलं होतं ते कळतं.

'माणूस' हिंदीत 'आदमी' झाला, 'शेजारी' हिंदीत 'पडोसी'. प्रभातचे असे चित्रपट दोन्ही भाषांत तयार होत. एकाच चालीवर दोन भाषांची गाणी बसवायची तर ती चाल दोन्ही भाषांना आपली वाटली पाहिजे. मराठी शब्दांचा झोक वेगळा, हिंदीचा वेगळा. मराठीत ओळीच्या शेवटी येणारा दीर्घ स्वर ताणायला सोयीचा, हिंदीत तोच ताण बेंगरूळ वाटू शकतो. मास्तर अशा ठिकाणी मात्रा चिमटीत धरून इकडून तिकडे सरकवतात. 'शेजारी'तलं शांताराम आठवल्यांचं 'लखलख चंदेरी' हे समूहगीत दोन्ही भाषांतलं एकापाठोपाठ एक ऐकलं तर त्याचा प्रत्यय येतो. हिंदू आणि मुसलमान अशा दोन म्हाताऱ्या मित्रांचा हा चित्रपट 1941 चा. पुढे देशात काय होणार होतं ते आपल्याला आज माहीत असल्यानं त्यातली गावजत्रेची गाणी ऐकताना मन भरून येतं.

दिग्दर्शक व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मास्तरांचाही तिथला काळ संपला. पुढे मास्तरांनी शांतारामांच्या राजकमल या संस्थेच्या 'भक्तीचा मळा'ला संगीत दिलं आणि त्यात सावता माळ्याची भूमिकाही केली. मला त्या काळातली अधिक महत्त्वाची गोष्ट वाटते ती 'कुलवधू'. मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनचं हे नाटक 1942 साली आलं तेव्हा संगीत नाटक संपलं असं म्हणायची पद्धत पडली होती. रांगणेकरांनी पात्रं कमी केली, नाटक आटोपशीर केलं आणि पदंही थोडी ठेवली. ज्योत्स्नाबाईंचा गळा भावगीताचा, नाजूक आणि स्पष्ट उच्चारांचा. त्या गळ्यासाठी मास्तरांनी बोलपटातली तीन मिनिटांची शिस्त रंगभूमीवर आणली. 'बोला अमृत बोला' ही भैरवी आहे, पण ती कोणालाही घाबरवत नाही. गाण्याचा क्लास न लावलेल्या मुलीही ती गुणगुणू शकत होत्या, आणि गुणगुणत होत्या. संगीत नाटकाला त्यानंतर जी आणखी काही वर्षं मिळाली, त्यांत या चालींचा मोठा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे.

सगळंच सारखं उतरलं असं मी म्हणणार नाही. काही पदं आज ऐकताना हरकतींनी दाटलेली वाटतात. तिथं मास्तरांमधला गवई संगीतकाराला बोलू देत नाही. गंधर्व मंडळीच्या मधल्या काळातल्या काही नाटकांची पदं नाटकांबरोबरच मागे पडली, आणि त्याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. पुस्तकाच्या लेखिकेनं या पदांची बाजू हिरिरीनं घेतली आहे. वाचकांनी तिचं ऐकावं आणि मग स्वतःचं मत करावं.

आता 'वंदे मातरम्'. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण त्यावर आहे आणि ते तसंच असायला हवं होतं.

बंकिमचंद्रांचं हे गीत 'आनंदमठ' कादंबरीत 1882 साली पुस्तकरूपानं लोकांसमोर आलं. 1896 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी ते गायलं. 1923 च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्षांनी हरकत घेतली तरी पं. विष्णु दिगंबर पलुसकर न थांबता गात राहिले. म्हणजे या गीताला निरनिराळ्या चाली होत्याच. मास्तरांनी त्याला झिंझोटीची चाल दिली. मुंबई रेडिओवर ते गात असताना प्रक्षेपण मध्येच बंद करण्यात आलं. मास्तरांनी रेडिओवर गाणं सोडलं, आणि ते पुन्हा रेडिओवर गायले ते देश स्वतंत्र झाल्यावर.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत कोणतं हा प्रश्न उभा राहिला. 25 ऑगस्ट 1948 रोजी पंडित नेहरूंनी घटनासमितीत जे निवेदन केलं त्यात एक मुद्दा निव्वळ संगीताचा होता. 1947 साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारताच्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागितलं गेलं, 'जन गण मन' वाद्यवृंदानं वाजवलं आणि ते सगळ्यांना आवडलं. 'वंदे मातरम्' मात्र वाद्यवृंदाला आणि लष्करी बँडला सहज वाजवण्याजोगं नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. या निर्णयाला इतरही कारणं होती. गीताच्या पुढच्या कडव्यांवर मुस्लिमांची हरकत होती आणि काँग्रेस कार्यकारिणीनं 1937 मध्येच पहिल्या दोन कडव्यांपुरतं ते स्वीकारलं होतं. पण बँडचा आक्षेप हा संगीतकाराला उद्देशून होता, आणि मास्तरांनी तो तसाच घेतला. सभा, पत्रकं, शिव्याशाप यांच्या वाटेला ते गेले नाहीत. ते बँडकडे गेले.

मुंबईच्या पोलिस बँडचे प्रमुख गार्डनर यांच्या मदतीनं त्यांनी आपल्या चालीचं पाश्चात्त्य स्वरलेखन तयार करवून घेतलं. हे काम किती अवघड आहे ते आपल्याकडच्या गाणाऱ्यांना सहसा कळत नाही. आपली चाल ही एकच रेघ असते. मींड, कण, श्रुतीचा बारीक फरक यांवर तिचा जीव. बँडमध्ये क्लॅरिनेट आणि कॉर्नेट मुख्य सुरावट वाजवतात, ट्रॉम्बोन आणि इतर मोठी पितळी वाद्यं खालचे स्वर भरतात, ड्रम चालण्याचा वेग ठरवतो. ही सगळी वाद्यं ठरलेल्या स्वरांवर उभी. मींड गेली तरी जिची ओळख पुसत नाही अशीच चाल तिथं टिकते.

झिंझोटीची निवड इथं उपयोगी पडली. तो खमाज थाटातला राग. कोमल निषाद सोडला तर बाकी सारे स्वर शुद्ध, म्हणजे पाश्चात्त्य कानाला परके नाहीत. त्याचा मुख्य वावर मंद्र आणि मध्य सप्तकात, म्हणून ज्यात म्हातारे आहेत, मुलं आहेत, बेसूर माणसं आहेत अशा हजारो माणसांच्या जमावालाही तो झेपतो. आणि रागाची ओळख मींडेपेक्षा स्वरांच्या जुळणीवर जास्त. मी ही चाल साध्या पेटीवर, एकेक स्वर सुटा दाबून वाजवून पाहिली आहे. ती ओळखू येते, आणि झिंझोटी म्हणूनच ओळखू येते. यमनाच्या एखाद्या विलंबित ख्यालाचं असं करून पाहा, काही उरत नाही.

दिल्लीला जाऊन मास्तरांनी घटनासमितीच्या सदस्यांसमोर ही चाल गायली आणि बँडवर ती कशी वाजते तेही ऐकवलं. निर्णय त्यांच्या मनासारखा झाला नाही. 24 जानेवारी 1950 रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी 'जन गण मन' हे राष्ट्रगीत आणि 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान, असं जाहीर केलं. आज रेडिओवर सकाळी जी चाल ऐकू येते ती देस रागाची, मास्तरांची नव्हे. राष्ट्रगीताचा निर्णय योग्य की अयोग्य हा वाद मला इथं घालायचा नाही. मला मोलाची वाटते ती मास्तरांची वागणूक. 'तुमची चाल बँडवर वाजत नाही' असं देशाचा पंतप्रधान म्हणतो, तेव्हा पन्नाशीला आलेला एक हिंदुस्थानी गवई बँडमास्तरासमोर विद्यार्थ्यासारखा बसतो, त्याची लिपी समजून घेतो आणि चाल वाजवून दाखवतो. कलेवरच्या आक्षेपाला कलेनंच उत्तर देण्याची अशी उदाहरणं आपल्या सार्वजनिक जीवनात फार नाहीत.

त्यानंतर 1956 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्याकडून बुद्धवंदनेला चाल लावून घेतली आणि तिची ध्वनिमुद्रिका निघाली. म्हणजे आळंदीच्या भिक्षुकाच्या घरातला मुलगा आता पाली गाथा संगीतबद्ध करत होता, ज्यांना शतकानुशतकं देवळाबाहेर ठेवलं त्यांच्या नव्या वंदनेसाठी. 'जोहार मायबाप'ला चाल देणाऱ्या माणसाकडे हे काम यावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. इथंही गळा समूहाचा, न शिकलेला. चालही तशीच, प्रत्येकाला म्हणता येईल अशी.

शिक्षक म्हणून त्यांनी 'रागसंग्रहा'चे सात भाग लिहिले. स्वरलिपीत चिजा उघड्या करून ठेवणं म्हणजे घरातलं सोनं अंगणात मांडण्यासारखं, असं मानणारे गवई तेव्हा भरपूर होते. मास्तरांनी ते मांडलं. 1971 साली पद्मभूषण आणि त्यानंतर संगीत नाटक अकादमीची फेलोशिप हे सन्मान मिळाले. 20 ऑक्टोबर 1974 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

या पुस्तकाची एक बाजू मला विशेष वाटते. लेखिकेनं चाली ऐकून, त्यांचं स्वरलेखन करून, वेगवेगळ्या ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून लिहिलं आहे. हे काम दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. नाटकाची चाल प्रयोगात जगते आणि प्रयोग थांबले की ती शेवटच्या गाणाऱ्याबरोबर जाते. लाखेच्या तबकड्या फुटतात. 2003 च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या मूळ फिल्म तिच्यात जळाल्या. जे वाचलं, आणि ज्याच्या प्रती आधी निघाल्या होत्या, तेवढ्यावर आता अभ्यास करायचा आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जागी आता इमारती उभ्या राहत आहेत आणि माळ्यावरचं सामान रद्दीत जात आहे. त्या सामानात तबकड्यांचा एखादा खोका असेल, आजोबांनी पदांचं स्वरलेखन केलेली वही असेल, नाटकाच्या जाहिराती असतील, 'रागसंग्रहा'चा सुटा भाग असेल. ते टाकून देण्याआधी गाण्यातल्या जाणत्या माणसाला किंवा एखाद्या संग्रहालयाला दाखवा. वस्तू घरातच ठेवायची असली तरी तिची प्रत काढू द्या. या पुस्तकाची पुढची आवृत्ती अशा सामानातूनच अधिक पूर्ण होणार आहे.

पुणे